पहिले साठ फूट

जठारपेठेत राहणाऱ्या वाचकांना रात्री दहानंतरच्या त्या आवाजाची ओळख करून द्यायला नको. दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या राहतात, मुठी पिळल्या जातात, कोणीतरी रुमाल टाकतो आणि दोघे कानठळ्या बसवीत निघून जातात. मागे क्लचप्लेट जळाल्याचा वास. प्राध्यापक मंडळी याला उनाडपणा म्हणतात, आम्हा मित्रांना ती मर्दुमकी वाटते. माझ्या मते दोघेही चुकतात. ही एक विद्या आहे, आणि आमच्यापैकी कोणालाही ती धड येत नाही.

ड्रॅग शर्यतीचे अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पण जाणकार पहिल्या साठ फुटांची वेळ वेगळी मोजतात, कारण तिथे गमावलेले पुढे सहसा भरून निघत नाही. गाडी झेपावली की भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचे चाक उचलते. आपल्याकडे चाक उचलले की शिट्ट्या पडतात! वास्तविक चाक खाली आणायला मूठ सैल करावी लागते, म्हणजे वेळ गेलाच. क्लच एकदम सोडला तर मागचे चाक जागीच गरगरते, नाहीतर इंजिन गुदमरते. म्हणून छाती टाकीकडे झुकवायची, इंजिनचा आवाज एका सुरात धरायचा आणि क्लच जिथे पकडतो तिथून तो काही फूट हळूहळू सोडत न्यायचा. सूर एकदम चढला तर चाक घसरते आहे. पडला तर क्लच लवकर सुटला. चार-पाच वेळा झाले की क्लच थंड होऊ द्यावा. प्लेटांचा खर्च शेवटी वडिलांच्याच खिशातून होतो.

कौशल्य म्हणावे ते बहुतेक एवढेच. पुढे गिअर बदलत मूठ पिळून धरायची, आणि अपघात होतात ते तिथे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या वर्गातला एकजण फार सुरेख निघाला होता. तीनशे मीटरवर एक सायकलवाले आजोबा आडवे आले. त्याच्या पायात आज सळई आहे. आजोबा अजून काठीवर चालतात. त्या रात्री रुमाल मी टाकला होता.

रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढली. पण बंगळूरचा हेमंत मुद्दप्पा अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला तो चेन्नईजवळच्या बंदिस्त ट्रॅकवर. आपल्या लोणावळ्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. फार कशाला, शंकरपटच घ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला, २०२१ साली अटींवर परत दिला. आज बैलजोडी पळवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलांसाठी एवढा विचार झाला; पोरांना मात्र रात्रीचा रस्ता!

शिवणी विमानतळाची धावपट्टी मागण्याइतका मी धीट नाही. मैदानाची एक कड, रविवारची सकाळ, डोक्याला हेल्मेट, साठ फुटांवर चुन्याची रेघ आणि पुढे थांबायला भरपूर मोकळी जागा, एवढ्यावर भागेल. तसा अर्ज मी क्रीडा विभागाकडे दिला आहे. सळईवाला मित्र घड्याळ धरायला येतो म्हणाला आहे.