सहलेखन आणि पुसलेले पाठभेद

एका लेखावर तिघांनी एकाच वेळी लिहावे, ही कल्पनाच आमच्या काही सहकाऱ्यांना रुचत नाही. शैली ही एकट्याची असते. इतिवृत्ते, अहवाल, परिपत्रके यांसाठी ऑनलाइन वर्डप्रोसेसर ठीक, साहित्यविचारासाठी नव्हे, असा त्यांचा आक्षेप. मराठीच्या अध्यापकांनी असा आक्षेप घ्यावा याचे नवल वाटते. ज्या 'लीळाचरित्रा'पासून आपण मराठी गद्याचा इतिहास शिकवतो, ते म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातल्या अनेकांच्या आठवणी मिळवून सिद्ध केले आणि पुढच्या परंपरेने त्यातील लीळांचे भिन्न पाठही जपले. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती तिच्यावर तोवर अनेक हात फिरले होते म्हणूनच. तेव्हा एकांतातील लेखक हेच वाङ्मयाचे एकमेव रूप, असे निदान आपण तरी म्हणू नये.

२००५ मध्ये 'राइटली' या नावाने आलेला आणि २००६ मध्ये गूगलने विकत घेतलेला वर्डप्रोसेसर आज गूगल डॉक्स म्हणून सर्वपरिचित आहे. आम्ही तिघांनी त्यावर एका कादंबरीविषयीचा लेख लिहून पाहिला. शैली पातळ झाली नाही. उलट प्रत्येकाचे लाडके शब्द इतर दोघांनी निर्दयपणे छाटले. खरा धोका निराळाच आहे. कादंबरीला 'देशीवादी' म्हणावे की नाही, यावर समासात बराच वाद झाला. अखेर 'काही अंशी देशीवादी' अशी सूचना स्वीकारली गेली, टिप्पणी मिटवली गेली आणि लेखात एक गुळगुळीत वाक्य उरले. त्या वाक्यामागे तीन भूमिका होत्या, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आवृत्त्यांचा इतिहास तर जतन होतोच! होतो, पण तो संपादनाचा अधिकार असणाऱ्यांनाच दिसतो. केवळ वाचणाऱ्याला दिसत नाही आणि छापील लेखात तर त्याचा मागमूसही नसतो. शिवाय तो नोंदवतो हात, विचार नव्हे. एकाने सांगितले व दुसऱ्याने टंकले, तर नाव टंकणाऱ्याचे. दुसऱ्याचा परिच्छेद आणून चिकटवला, तर चिकटवणाऱ्याचे.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत संयुक्त लेखनाच्या गुणांची वाटणी ठरवली: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३०. आता प्रमुख कोण? ज्याने महिनोन्‌महिने ग्रंथालयात बसून नोंदी काढल्या तो संशोधक विद्यार्थी, की शेवटच्या दिवशी चार स्वल्पविराम घालणारा मार्गदर्शक? उत्तर बहुधा हुद्द्यावरून ठरते, आणि सहलेखनाला नाके मुरडणारे नेमके येथे मौन पाळतात. एकट्याच्या शैलीचा अभिमान बाळगणाऱ्यांना दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव चालते, हे आम्हांला अधिक अश्लाघ्य वाटते.

म्हणून आमचे म्हणणे असे: प्रत्येक संयुक्त लेखाच्या शेवटी कोणी काय केले, हे एका परिच्छेदात लिहावे आणि तो परिच्छेद सर्व सहलेखकांनी मिळून लिहावा, मार्गदर्शकाने एकट्याने नव्हे. जेथे मते जुळली नाहीत, तेथे मधले वाक्य न शोधता दोन्ही मते लेखातच, नावांसह द्यावीत. नियतकालिकांच्या संपादकांनी अशा नोंदीवाचून संयुक्त लेख स्वीकारू नयेत. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. पाठचिकित्सा शिकवताना विद्यार्थ्यांना आपण सांगतो की, संपादकाने पाठभेद लपवू नयेत, ते तळटीपेत द्यावेत. शतकांपूर्वीच्या पोथ्यांना लावलेला हा नियम आपल्या स्वतःच्या लेखांना लावण्यात अडचण कोणती, हे आक्षेपकांनी एकदा सांगावे.