टेबलावरचा नकाशा: प्रोजेक्टर दाखवण्यापेक्षा लपवण्यासाठी घ्या!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी हा विषय निघतोच. कुणीतरी एक रील पाठवतं. टेबलावर वरून प्रोजेक्टरचा उजेड पडलाय, किल्ल्याचा नकाशा चमकतोय, नदीचं पाणी चक्क वाहतंय. लगेच ग्रुपवर मेसेज येतो, 'कॉन्ट्री काढू या का?'

जरूर काढा. पण एक लक्षात घ्या, वाहत्या पाण्याचं अप्रूप दोन-तीन रविवारांत संपतं. प्रोजेक्टरचा खरा उपयोग नकाशाच्या न दिसणाऱ्या भागात आहे. आणि तो हवा असेल, तर बॉक्सवरचे आकडे बाजूला ठेवून आपल्या घरातले काही आकडे मोजावे लागतात.

मुळात हा खेळ काय आहे?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, राक्षसांच्या वतीने खेळतो आणि निकालही देतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. 'मी दार उघडते', 'मी चोरपावलांनी पुढे जातो' असं नुसतं सांगायचं. जमलं की नाही, ते २० बाजूंचा फासा ठरवतो.

बराचसा खेळ बोलण्यावरच चालतो. नकाशा लागतो तो मुख्यतः लढाईत. तिथलं माप ठरलेलं आहे: पटावरचं एक इंचाचं घर म्हणजे गोष्टीतले पाच फूट. जादूगाराने 'फायरबॉल' टाकला, तर त्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे पटावर चार घरं. आपला मित्र तिसऱ्या घरात उभा असेल तर तोही भाजणार. अशा वेळी 'साधारण तिकडे कुठेतरी' म्हणून चालत नाही, भांडणं होतात.

प्रोजेक्टर वेगळं काय करतो?

हे काम पुसता येणाऱ्या मॅटवर मार्करने रेघा मारूनही होतं. छापील नकाशानेही होतं. अडचण एकच. कागद पसरला की सगळंच दिसतं. कोपऱ्यातली गुप्त खोली, शेवटच्या दालनातलं सिंहासन, सगळं पहिल्याच मिनिटाला उघड.

डिजिटल नकाशात ही अडचण सुटते. 'आऊलबेअर रोडिओ', 'रोल२०', 'फाउंड्री' अशा सॉफ्टवेअरमध्ये 'फॉग ऑफ वॉर' नावाची सोय असते. सगळा नकाशा झाकलेला असतो आणि खेळाडू जिथे पोचतील तेवढाच डीएम उघडतो. दार उघडलं की खोली दिसते. मशाल विझली की आजूबाजूचं पुन्हा गायब. खेळाडूला जेवढं माहीत तेवढंच टेबलावर दिसतं. दारामागे काय असेल या भीतीवर हा खेळ चालतो आणि ती भीती इथे शाबूत राहते.

यासाठी लॅपटॉपवर दोन खिडक्या लागतात: एक डीएमची, एक खेळाडूंची. विंडोजवर 'विंडोज' आणि 'पी' ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' राहिलं तर डीएमची सगळी गुपितं थेट टेबलावर येतील. मग टेबलावर एक पट्टी ठेवा आणि नकाशाचं एक घर बरोबर एक इंचाचं होईपर्यंत झूम करा. सेटिंग झालं.

बॉक्सवर काय लिहितात, खरं काय असतं?

स्वस्त मिनी प्रोजेक्टरच्या जाहिरातीत दोन शब्द जपून वाचा. पहिला 'सपोर्टेड'. '4के सपोर्टेड' याचा अर्थ एवढाच की 4के व्हिडिओ जोडला तर तो चालेल. पडद्यावर पडणारे पिक्सेल 'नेटिव्ह' रिझोल्युशनएवढेच असतात आणि ते अनेकदा १२८० बाय ७२० किंवा त्याहूनही कमी निघतं.

दुसरा शब्द 'लुमेन्स'. नुसते हजारो लुमेन्स लिहिले असतील तर तो आकडा विसरा. 'अँसी लुमेन्स' किती ते शोधा, कारण ते ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. हा आकडा दिलेलाच नसेल, तर त्यातच उत्तर आलं.

आता थोडं गणित

तिसरा आकडा दुकानात सहसा कुणी सांगत नाही: थ्रो रेशो. प्रोजेक्टरपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. समजा, थ्रो रेशो १.२ आहे आणि टेबलावर ३६ इंच रुंद नकाशा हवाय. मग प्रोजेक्टर टेबलापासून ४३ इंचांवर हवा. टेबल ३० इंच उंच धरलं तर जमिनीपासून सुमारे सहा फूट. पुढे वाकून फासे टाकणाऱ्याचं डोकं सांभाळा!

'त्यापेक्षा छतालाच लावू' असं म्हणाल, तर टेबलापासूनचं अंतर ८४ इंचांवर जाईल आणि चित्र ७० इंच रुंद होईल. अर्धा नकाशा टेबलावर, उरलेला मांडीवर आणि फरशीवर. फुल एचडीचे १९२० पिक्सेल ७० इंचांत पसरले की एका इंचाच्या घराला २७ येतात. तोच प्रोजेक्टर ४३ इंचांवर ठेवला तर ५३. डिजिटल झूमने चित्र लहान केलं तरी फायदा नाही, कारण त्यात कडेचे पिक्सेल वाया जातात.

उजेडाचंही तसंच. ३०० अँसी लुमेन्सचा प्रोजेक्टर ३६ इंच रुंद नकाशावर कागदोपत्री सुमारे ६४० लक्स उजेड पाडतो. ७० इंचांवर तेच १७० लक्सच्या आत. दिवाणखान्यात ट्यूब लावल्यावर साधारण एवढाच उजेड असतो. म्हणजे नकाशा फिक्कट दिसणार. याची दुसरी बाजू अशी की सिनेमासाठी कमी पडणारा प्रोजेक्टर टेबलावर छान चालू शकतो. १०० इंची पडद्याच्या मानाने आपला नकाशा क्षेत्रफळात एक षष्ठांश आहे, त्यामुळे उजेड सहापट दाट पडतो. जास्त पैसे मोजण्याआधी अंतर कमी करून बघा.

काळ्या रंगाबद्दल एक गोष्ट: प्रोजेक्टर अंधार पाडू शकत नाही. नकाशाचा झाकलेला भाग खोलीत असेल तेवढ्याच उजेडात दिसतो. गुपित राहतं, पण माहोल हवा असेल तर ट्यूब बंद करून कोपऱ्यात छोटा दिवा लावा. टेबलावर चमकदार सनमायका असेल तर त्यावर पांढरी चादर किंवा चार्टपेपर अंथरा.

पंखा मध्ये येतो, त्याचं काय?

परदेशी व्हिडिओंत ही अडचण दिसत नाही. आपल्याकडे खोलीच्या बरोबर मधोमध छताला पंखा असतो आणि टेबल त्याच्याच खाली. पीओपीचं फॉल्स सीलिंग वजन पेलेलच असं नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ड्रिल मारायचं तर घरमालकाला विचारावं लागतं.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, आडवा दांडा असलेला मजबूत स्टँड. त्याच्या पायावर वजन ठेवा आणि प्रोजेक्टरला सुरक्षेसाठी वेगळी तार बांधा. मात्र आधी मॅन्युअल वाचा. सगळे प्रोजेक्टर तोंड खाली करून चालवायचे नसतात, विशेषतः दिव्याचे जुने मॉडेल तसे वापरले तर तापू शकतात. दुसरी वाट आरशाची. प्रोजेक्टर बाजूला आडवा ठेवायचा आणि टेबलाच्या वर ४५ अंशांत लावलेल्या आरशातून चित्र खाली वळवायचं. सेटिंगमध्ये चित्र उलटं करायला विसरू नका, नाहीतर अक्षरं उलटी दिसतील. साध्या आरशात परावर्तक थर काचेच्या मागे असल्याने पुसट दुहेरी रेघ येते, पण लढाईच्या नकाशाला तेवढं चालतं.

प्रोजेक्टर तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ करण्याचा मोह टाळा. त्यात पिक्सेल जातात आणि घरं नीट चौकोनी राहत नाहीत. इथे घर चौकोनी नसेल तर मापच चुकतं.

मग टीव्हीच आडवा टाकला तर?

प्रश्न रास्त आहे. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण साडेसदतीस इंच. तो 4के असेल तर इंचाला १०२ पिक्सेल. ट्यूब लावूनही स्वच्छ दिसतो, हाताची सावली पडत नाही, मिनिएचरच्या डोक्यावर नकाशाचे रंग चढत नाहीत. ज्यांचं टेबल कायम एकाच जागी आहे, त्यांच्यासाठी टीव्हीच बरा. फक्त वर अ‍ॅक्रिलिकची शीट टाका आणि मागे हवा खेळायला जागा सोडा. पण दर आठवड्याला वेगळ्या मित्राच्या घरी खेळणाऱ्यांनी टीव्ही कुठे वाहायचा? तिथे बॅगेत मावणारा प्रोजेक्टर जिंकतो. तो सतरंजीवरही चालतो.

आणि कल्पनाशक्तीचं काय?

माझा खरा आक्षेप इथे आहे. चकचकीत नकाशा टेबलावर आला की खेळाडू डीएमचं ऐकणं सोडून घरं मोजायला लागतात. 'मी झुंबराला लटकून पलीकडे जाते' असं म्हणणारी मुलगी आधी चित्रात झुंबर आहे का ते शोधते. डीएमचंही तसंच होतं. चार तास खपून तीन नकाशे बनवले की खेळाडूंनी त्याच तीन ठिकाणी जावं असं त्याला वाटू लागतं. गोष्ट कुठेही जाऊ शकते, ही या खेळाची सगळ्यात मोठी गंमत. ती हातची जाऊ नये.

म्हणून एक साधा नियम करा. अंतर किंवा नजरेचा टप्पा यावर निकाल ठरणार असेल तेव्हाच नकाशा चालू. दरबारातलं बोलणं, बाजारातली घासाघीस, रात्रीचा प्रवास यांच्या वेळी टेबल कोरं. प्रोजेक्टर सतत चालू असेल तर तो गोष्टीला मदत करत नाही, तिच्या जागी बसतो.

मग घ्यायचा का?

लगेच नको. आधी चार्टपेपरवर नकाशा काढा आणि प्रत्येक खोली काळ्या कार्डशीटच्या तुकड्याने झाका. पोचाल तसा तुकडा उचला. शंभर रुपयांच्या आत 'फॉग ऑफ वॉर' तयार! महिना-दोन महिने असं खेळून तुमच्या ग्रुपला झाकलेल्या नकाशाची मजा येत असेल आणि तुकडे कापून डीएम वैतागला असेल, तर प्रोजेक्टरची गरज खरी आहे. तेव्हा कुणाचा तरी प्रोजेक्टर एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि तुमच्याच टेबलावर, तुमच्याच पंख्याखाली लावून बघा.

त्या संध्याकाळी नकाशा किती सुंदर दिसतो याकडे फार लक्ष देऊ नका. डीएमने पुढची खोली उघडण्याआधी टेबलावरचे सगळे गप्प होतात का, ते बघा. होत असतील तर खुशाल कॉन्ट्री काढा. नसतील तर तेच पैसे समोसे आणि फाशांवर खर्च करा.