ट्रिगर कुठला, हे पैसे देणाऱ्याने ठरवावं

नॉर्थ कॅरोलिनात रॅलेच्या आसपास उठणाऱ्या नव्या वसाहतींत आपली मराठी कुटुंबं घरं घेताना दिसतात. मी तिथे साइट सुपरवायझर आहे. घराचा लाकडी सांगाडा, म्हणजे फ्रेमिंग, माझ्या देखरेखीखाली उभा राहतो. चालू काम बघायला आलेली मंडळी ओट्याचा दगड विचारतात, पूर्वेची खिडकी विचारतात. भिंतीत खिळे ठोकणाऱ्याच्या हातात कुठली गन आहे, हे कोणी विचारत नाही.

इथल्या भिंतीत साधारण दर १६ इंचांवर एक उभं लाकूड असतं आणि सगळं तीन-साडेतीन इंची खिळ्यांवर उभं राहतं. हातोडी कमरेला असते, पण काम नेलगनवर चालतं. गन घेताना लोक हवेची की बॅटरीची, खिळ्यांची पट्टी २१ अंशांची की ३० अंशांची, यावर तासभर घोळ घालतात. पट्टीचा कोन गनशी जुळला की तो विषय संपला. दिवसभर भिंती ठोकायच्या तर कॉम्प्रेसरवरची गन हाताला हलकी पडते. छपरावर राहिलेले चार खिळे मारायला बॅटरीची बरी, नळी पायात येत नाही. पण जीव अडकलेला असतो तो ट्रिगरमध्ये.

कॉन्टॅक्ट ट्रिगर दाबून धरला की गनचं नाक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. लाकडावर टेकलं तर लाकडात, मांडीवर टेकलं तर मांडीत. सिक्वेन्शियल ट्रिगरला आधी नाक लाकडावर दाबावं लागतं, मग बोट ओढायचं, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तेच. गेल्या उन्हाळ्यात एका साइटवर होंडुरासचा एक पोरगा कॉन्टॅक्ट ट्रिगरच्या गनने भिंतीच्या खालच्या आडव्या लाकडाला उभं लाकूड जोडत होता. पहिला खिळा नीट गेला, गनने उसळी घेतली, नाक परत टेकलं आणि दुसरा खिळा गाठीवर आपटून वाकला. तो लाकडाच्या कडेतून बाहेर आला, थेट त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीत. लाकूड धरलेला हात खिळ्यापासून फुटभर लांब हवा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी गन हातात दिली होती आणि मजुरी स्क्वेअर फुटावर ठरली होती.

अमेरिकन सरकारच्या निऑश आणि ओशा या संस्थांनी २०११ मध्ये कंत्राटदारांसाठी पुस्तिका काढली. घरबांधणीतल्या शिकाऊ सुतारांपैकी पाचात दोघांना चार वर्षांत नेलगनची इजा झाली, आणि कॉन्टॅक्ट ट्रिगरचा धोका दुप्पट, असं त्यात छापलेलं आहे. तरी साइटवर उत्तर ठरलेलं असतं: काम मंदावेल. त्याचीही मोजणी झाली आहे. दहा अनुभवी सुतारांनी दोन्ही ट्रिगर वापरून एकसारख्या शेड बांधल्या. कॉन्टॅक्ट ट्रिगरने खिळे मारायचा वेळ सुमारे दहा टक्के वाचला, पण एकूण बांधकामाच्या वेळात तो फरक एक टक्क्याहूनही कमी भरला. मोजमाप, कापणी, उचलठेव यांतच दिवस जातो, हे मी रोज बघते. त्या एक टक्क्यासाठी पोरांची बोटं पणाला लावणं मला मान्य नाही.

मजुराला हे निवडता येत नाही. तो मिळेल ती गन घेतो आणि मुकादमाच्या वेगाने पळतो. म्हणून निर्णय पैसे देणाऱ्याने घ्यावा. घर बांधून घेणाऱ्याने करारात एक ओळ घालावी: साइटवर फक्त सिक्वेन्शियल ट्रिगर. जाता जाता भिंतीबाहेरच्या लाकडी तक्त्यांवर, म्हणजे ओएसबीवर, नजर टाकावी. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसलेलं हवं. ते तक्ता फोडून आत घुसलं असेल तर खिळ्याची पकड कमी होते, आणि या राज्यात चक्रीवादळं येतात.

पुण्या-मुंबईतही प्लायवूडचं काम करणारे मिस्त्री छोट्या कॉम्प्रेसरवर ब्रॅड नेलर चालवतात. खिळा बारीक असतो, पण डोळ्यात गेला तर डोळा जातोच. फ्लॅटचं काम देताना दर ठरवतो त्याच बैठकीत चष्मा आणि ट्रिगर दोन्ही विचारा. मिस्त्रीकडे गन स्वतःची असेल आणि तिला सुरक्षित ट्रिगर बसवता येत असेल, तर त्याचे पैसे आपण द्यावेत.