इंग्रजी शब्द पाठ नकोत, वापरात हवेत

पेडणे आणि डिचोलीतील आपली अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात. पाचवीत मात्र गणित-विज्ञान इंग्रजीतून समोर येते आणि बोलकी मुलेही गप्प होतात. त्यांची बुद्धी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात.

यावर उपाय म्हणून शब्दापुढे मराठी अर्थ लिहून पाठांतर करून घेतले जाते. आमच्या मते हे अपुरे आहे. ‘लुक’, ‘सी’, ‘वॉच’ या तिन्हींपुढे मुले ‘पाहणे’ एवढेच लिहितात. मग कोणता कुठे वापरायचा?

त्यापेक्षा सोपी व्याख्या द्यावी. लुक म्हणजे मुद्दाम नजर वळवणे, सी म्हणजे नजरेस पडणे, वॉच म्हणजे घडणारी गोष्ट काही वेळ पाहत राहणे. लगेच आपल्या गावातले वाक्य जोडावे. ‘लुक ॲट द बोर्ड.’ ‘आय सी अ बर्ड ऑन मये लेक.’ ‘वी वॉच दशावतार ॲट नाइट.’ रात्र जागून दशावतार पाहिलेले मूल ‘वॉच’ विसरणार नाही.

२०२३ पासून मोपाला विमाने उतरू लागली. इंग्रजीची गरज आता दारात आली आहे. पण त्यासाठी मराठी सोडण्याचे कारण नाही. व्याख्या मनात उतरते ती मराठीतूनच.

शिक्षकांनी रोज तीनच शब्द द्यावेत. पालकांनी घरी एवढेच विचारावे, “आज कोणते वाक्य केलेस? त्याचा अर्थ सांग बघू.” त्यासाठी पालकांना इंग्रजी यायलाच हवे असे नाही.