हिंसेचा खेळ आणि कायद्याची नजर

ऑनलाइन गेमिंगचे नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत संमत केला. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका दिल्ली, कर्नाटक आणि मध्य प्रदेश या तीन उच्च न्यायालयांत दाखल झाल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. वाद पैशांचा आहे: पैसे लावून खेळणे हे कौशल्य की जुगार? मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आहे. परंतु ज्या घटनांमुळे या राज्यात गेमिंगवर कायदा हवा असे सरकारला वाटू लागले, त्यांचा या वादाशी जवळजवळ संबंध नाही.

जुलै 2021 मध्ये छतरपूर येथे तेरा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. ‘फ्री फायर’ या गोळीबाराच्या खेळात आपण 40 हजार रुपये घालवले, असे त्याने आईला उद्देशून लिहून ठेवले होते. जानेवारी 2022 मध्ये भोपाळला त्याच खेळात गुंतलेला अकरा वर्षांचा मुलगा गेला, आणि राज्य सरकारने स्वतंत्र कायद्याची घोषणा केली. पुढील महिन्यात केंद्राने हा खेळ बंद केला. पण कारण दिले ते देशाच्या सुरक्षेचे. सप्टेंबर 2020 मध्ये 117 अन्य अ‍ॅप्सबरोबर ‘पबजी’ गेला, तोही गलवाननंतरच्या तणावात, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली. त्याचा नवा अवतार 2021 मध्ये आला, 2022 मध्ये हटला, 2023 मध्ये परतला. त्याआधी, मार्च 2019 मध्ये, राजकोट पोलिसांनी जमावबंदीचे कलम 144 लावून ‘पबजी’ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली होती. दंगल रोखण्याचे हत्यार मोबाइलवर उगारण्यात आले, यावरून आपल्या शासनाच्या भात्यात या प्रश्नासाठी दुसरे काहीच नव्हते हे दिसते.

हिंसेचे आकर्षण मोबाइलबरोबर जन्माला आलेले नाही. 1830 च्या दशकात कर्नल स्लीमन यांच्या ठगीविरोधी मोहिमेचे केंद्र जबलपूर होते. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या येथे नोंदल्या गेल्या. हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील मेडोज टेलर यांनीही ठगांच्या जबान्या घेतल्या होत्या. त्यांनी 1839 मध्ये एका ठगाच्या तोंडून आत्मकथन करणारी कादंबरी लिहिली आणि इंग्लंडमधील सुशिक्षित वाचकांनी ती डोक्यावर घेतली. गळा आवळणाऱ्याच्या नजरेतून जग पाहण्याचा तो थरार आजच्या खेळातील ‘मी नेम धरतो’ या थरारापेक्षा फारसा वेगळा नाही. ती कादंबरी वाचून लंडनमध्ये कोणी रुमाल हाती घेतल्याचे मात्र इतिहासाला ठाऊक नाही. (ज्या जबलपुरात ‘धनुष’ ही खरी तोफ तयार होते, तेथील मुलांनी पडद्यावरील बंदुकीचे वेड घेतले तर वडीलमंडळींना त्याचे एवढे आश्चर्य का वाटावे?)

आजचे संशोधनही बरेचसे त्याच दिशेचे आहे. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये आपल्या जुन्या ठरावाचा फेरविचार केला. हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वर्तन यांत लहानसा संबंध दिसतो. प्राणघातक हिंसाचाराशी तो जोडण्यास पुरेसा पुरावा नाही, असे तिचे म्हणणे आहे. तरीही जून 2022 मध्ये लखनौत एका अल्पवयीन मुलावर आईच्या खुनाचा आरोप आला, तेव्हा तपास पूर्ण होण्याआधीच मथळ्यांनी खेळाला दोषी ठरवून टाकले. अशा मथळ्यामुळे घरातील इतर प्रश्न झाकले जातात आणि सरकारला बंदीचा सोपा मार्ग मिळतो.

छतरपूरच्या मुलाचे खरे दुखणे गोळीबार नव्हते. हातून गेलेले पैसे आणि त्यांची भीती हे होते. अशा खेळांत बंदुकीचे रंगीत आवरण, पात्राचा पोशाख, नशिबाने उघडणारी पेटी असे काहीबाही विकले जाते. 2025 च्या कायद्यातील ‘पैशांचा खेळ’ म्हणजे जिंकून आर्थिक लाभ मिळेल या अपेक्षेने पैसे लावण्याचा खेळ. मुलगा पोशाख विकत घेतो तेव्हा त्याला काही जिंकायचे नसते. अर्थात हा कायदा चार वर्षे आधी आला असता, तरी त्या 40 हजारांना हात लागला नसता.

हिंसक आशयाचीही तीच गत. चित्रपटांसाठी 2023 च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे केले. ओटीटीसाठी ते 2021 च्या नियमांतच होते. खेळांना असे बंधनकारक प्रमाणपत्र नव्या कायद्याने लावलेले नाही. जर्मनीत वयाची खूण कायद्याने बंधनकारक आहे. चीनने 2021 पासून अठराखालील मुलांना शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी केवळ रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. ती वाट आपली नव्हे. प्रशासनात असताना मी पाहिले आहे की बंदीचा आदेश एका संध्याकाळी निघतो, वर्गीकरणासाठी मात्र मंडळ, माणसे आणि तरतूद लागते. म्हणून ते मागे पडते. परंतु वयाचे प्रमाणपत्र आणि अल्पवयीनांच्या खात्यातील मासिक खर्चाला मर्यादा या दोन गोष्टींना कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालय कौशल्य आणि जुगार यांचा निवाडा करीत असताना हे काम केंद्राला आजही हाती घेता येईल.