घरचे आरोग्य : ‘आत्याबाईंना वात झाला!’

नरकचतुर्दशीला अभ्यंगानंतर कारीट पायाखाली फोडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी आपल्याकडे चाल आहे. तेव्हा दिवाळी अंकात इस्पितळाचा विषय काढला म्हणून वाचक मंडळींनी आमच्यावर रुसू नये. शिवाय पुण्या-मुंबईचे चाकरमाने याच दिवसांत गावाकडच्या वडीलधाऱ्यांना भेटायला जातात. हा विषय त्यांच्यासाठीच आहे.

समजा, भोरच्या किंवा वेल्ह्याच्या बाजूला तुमच्या एक आत्याबाई राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. ओसरीच्या पायरीवरून पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेचे नाव निघाले की मंडळींची गाडी पुण्याकडे वळते. निघण्याच्या घाईत चष्मा कोनाड्यात राहतो, कवळी वाटीत राहते. शस्त्रक्रिया उत्तम होते. भाचा गावी फोन करून “काळजी नको” म्हणून कळवतो. आणि दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आत्याबाई ताडकन उठून बसतात. “अरे, गोठ्यात कोण शिरलंय? वासरू सोडा आधी!” सलाइनची नळी उपटतात, नर्सबाईंना चोर समजतात, ज्याला अंगाखांद्यावर खेळवला त्या भाच्यालाच “तू कोणाचा?” म्हणून विचारतात. सकाळी मोठे डॉक्टर येतात, तेव्हा मात्र त्यांना नमस्कार करून चहा मागतात!

मग नातेवाइकांत तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, डोक्यावर परिणाम झाला. दुसरा म्हणतो, वय झाले, चालायचेच. तिसरा मेंगाईचा अंगारा मागवतो. अंगाऱ्याला आमची हरकत नाही. पण तो येईपर्यंत रात्रीची हकिगत डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे. कारण हे वेड नव्हे, म्हातारपण नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे.

जुन्या बायका हे एका शब्दात ओळखीत : वात झाला. वाग्भटाने सन्निपातज्वराच्या लक्षणांत दिवसा गाढ झोप आणि रात्री जागरण असे सांगून ठेवले आहे. आजच्या रात्रपाळीच्या नर्सबाईही हेच सांगतील. पाश्चात्त्य वैद्यक याला डेलिरियम म्हणते. शब्द लॅटिन, पण मूळ शेतातले. ‘लिरा’ म्हणजे नांगराचा तास. तास सोडून नांगर भलतीकडे गेला, की तो डेलिरियम. मावळातल्या शेतकऱ्याला याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

या वाताने मराठ्यांच्या इतिहासातही एक न सुटलेले कोडे ठेवले आहे. भोरच्या शेजारच्या पुरंदर किल्ल्यावर 1774 साली जन्मलेले सवाई माधवराव पेशवे 1795 च्या दसऱ्याच्या सुमारास तापाने आजारी होते. 25 ऑक्टोबरला ते शनिवारवाड्यात माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय अवघे 21. ग्रँट डफने ती आत्महत्या ठरवली. तापातल्या वाताच्या भरात तोल गेला, असे मानणारेही पुष्कळ आहेत. निकाल इतिहासकारांनी द्यावा. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की वात झालेल्या माणसाची खाट खिडकी-गॅलरीपाशी ठेवू नये आणि त्याला एकटे सोडू नये.

आता याचे कारण काय? मेंदू हा शरीराचा कारभारी. वय झाले, आधीच थोडा विसरभोळेपणा असला, ऐकू कमी येत असले, म्हणजे या कारभाऱ्याजवळ शिल्लक थोडी उरते. मग लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर उतरणे, न शमलेली वेदना, फार काय चार दिवसांचे बद्धकोष्ठ किंवा तुंबलेली लघवी, एवढेही त्याचे दिवाळे काढायला पुरते. औषधांचाही यात मोठा हात असतो. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या आणि लघवीवरची काही औषधे वृद्धांना बाधतात. धोत्र्याचे बी पोटात गेले तर माणूस कसा बरळतो, हे खेड्यात ठाऊक आहे. यांतल्या कित्येक औषधांचा गुण थोडाफार त्याच जातीचा! आणखी एक नाजूक गोष्ट. रोज घेणाऱ्या काकांची बाटली इस्पितळात एकाएकी बंद झाली, की दोन-तीन दिवसांत भयंकर वात होऊ शकतो. तेथे अब्रूचा विचार न करता डॉक्टरांना पहिल्याच दिवशी खरे सांगावे.

आरडाओरडा करणारा रोगी निदान लक्षात तरी येतो. खरा धोका मुकाट्याने पडून राहणाऱ्याचा. “आजी किती शांत झोपल्यात!” म्हणून घरची मंडळी समाधानात असतात आणि आजी हाक मारली तरी धड डोळे उघडत नाहीत, घास तोंडात तसाच धरून ठेवतात. हाही वातच, आणि जास्त वेळा निसटणारा.

ओळखायचे कसे? अमेरिकेतील डॉ. शॅरन इनोये यांनी 1990 साली याची एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. बदल अचानक झाला आहे काय आणि तो कमीजास्त होतो काय. लक्ष एका जागी ठरते काय. बोलणे विस्कळीत आहे काय. शुद्धी नेहमीसारखी आहे काय. पहिल्या दोन खुणा आणि पुढच्या दोहोंपैकी एक जुळली, की डेलिरियम समजावा. लक्ष पाहण्यासाठी डॉक्टर महिने उलटे म्हणायला सांगतात. आमच्या आत्याबाईंना शनिवारपासून मागे वार म्हणायला सांगावे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी चढतो, वात तासा-दिवसांत. हा फरक डॉक्टरांना कोण सांगणार? कालपर्यंतची आत्या ज्याने पाहिली, तोच. सकाळच्या फेरीत ती चहा मागते, हे विसरू नका.

याच इनोयेबाईंनी 1999 साली येल येथील एका प्रयोगाचा वृत्तांत दिला. 70 वर्षांवरचे 852 रोगी. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र लावून देणे, पाणी पाजणे, चालवणे, गप्पा मारणे, वार-तारीख सांगणे, रात्री गोळीऐवजी कोमट पेय, पाठ चोळणे आणि शांतता. नेहमीच्या गटात 15 टक्के रोग्यांना वात झाला, दुसऱ्या गटात 9.9 टक्क्यांना. एवढ्यासाठी तिकडे स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे सून, लेक, भाचा उशाशी बसलेलेच असतात! फक्त त्यांनी मोबाइलमधून मान वर काढावी आणि “आत्या, आपण पुण्याला दवाखान्यात आहोत, आज मंगळवार, पाय शिवलाय, उद्या चालायचंय” असे दिवसातून दहादा, न चिडता सांगावे. चष्मा, कवळी, घरचे पांघरूण आणि चालू औषधांची सगळी पाकिटे पिशवीत आधी भरावी. कपडे मागाहून आले तरी चालतात. सात-आठ माणसांनी एकदम खाटेभोवती गर्दी करू नये. दोन ओळखीची माणसे पाळीपाळीने पुरे.

हात बांधणे हा उपाय नव्हे. बांधलेला माणूस अधिकच घाबरतो. गुंगीचे औषधही सरसकट नको. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अतिदक्षता विभागातील एका मोठ्या चाचणीत हॅलोपेरिडॉलने वाताचा काळ कमी झाल्याचे दिसले नाही. रोगी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली, तर डॉक्टर थोडक्यात ते वापरतात, ते वेगळे. खरा उपाय म्हणजे मूळ कारण शोधणे. लघवी तपासली का, सोडियम पाहिले का, नवी गोळी कोणती सुरू झाली, हे नातेवाइकांनी अवश्य विचारावे. नम्रपणे, पण विचारावे. वात झालेल्या वृद्धांत पुढे मृत्यूचे आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळते. “उतरेल आपोआप” म्हणून बसून राहण्याचे हे दुखणे नव्हे.

उतरायला कधी दोन दिवस लागतात, कधी काही आठवडे. घरी आल्यावर आत्याबाईंना त्या रात्रीचे तुकडे आठवतात आणि लाज वाटते : नर्सबाईंना आपण काय काय बोललो! त्यावर घरात नकला करून हसू नये. “ते दुखण्याचं बोलणं होतं, आत्या, तुमचं नव्हे,” एवढे सांगावे. आणि त्यांच्या फायलीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे, की शस्त्रक्रियेनंतर वात झाला होता. पुढच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचे आहे.