मोबदला संपतो, जमीन परत येत नाही

शहापूर तालुक्याने आधी भातसा धरणाला जमीन दिली, मग समृद्धी महामार्गाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. रस्ता पूर्ण झाला. घरोघरी आलेल्या मोबदल्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. भातसानगरपासून मुरबाडपर्यंत जमिनीची मोजणी निघाली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, म्हणून आज त्यावर.

पैसे जमा झाल्याची कुणकुण लागताच दारात आधी गाडीवाला येतो, मग विमा एजंट, मग ‘दामदुप्पट’वाला. सहा महिने कुणालाच होकार देऊ नका. बियाणं खाणारा शेतकरी आपण शहाणा मानत नाही. मोबदल्याची मुद्दल म्हणजे बियाणंच.

आता कर. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली निवाड्याने किंवा कराराने मिळालेल्या मोबदल्यावर कलम 96 नुसार सहसा प्राप्तिकर लागत नाही. आपलं संपादन कोणत्या कायद्याखाली झालं, ते नोटिशीवर पाहा आणि सगळे कागद जपा. मात्र मुद्दल करमुक्त म्हणून तिचं व्याजही करमुक्त, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ठेवीचं व्याज दरवर्षी उत्पन्नात धरावंच लागतं.

पैसा ठेवायचा कुठे? बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून 5 लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. चेअरमन गाववाला आहे, एवढ्यावर सगळी रक्कम तिथे ठेवू नका.

घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये हातात पडतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, आणि मुद्दल जागेवर. पाच वर्षं दर बदलत नाही. पण महागाई थांबत नाही, म्हणून तरुण वारसांच्या वाट्यातला काही भाग दहा-पंधरा वर्षांसाठी इंडेक्स फंडात हप्त्याहप्त्याने घालावा. लग्नाचे किंवा घराचे पैसे तिथे नकोत.

शेवटची गोष्ट बहिणींची. मोबदला यायच्या आधी घाईने हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिचा वाटा थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. नॉमिनी लावलात तरी मृत्युपत्रही करा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

जमीन एकदाच विकली जाते. तिच्या पैशाची पहिली सही घरातल्या सगळ्यांना विचारूनच करा.